दोन शब्द, पण कशासाठी?

“अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि इथे जमलेल्या माझ्या बालमित्र-मैत्रिणींनो, आज मी तुम्हाला जे दोन शब्द सांगणार आहे, ते तुम्ही शांतचित्ताने ऐकून घ्यावेत, ही नम्र विनंती.”

काय दोस्तांनो, ओळखीचं वाटतंय ना हे वाक्य? आपल्याकडच्या शाळेत शिकलेल्या बहुतेक प्रत्येकानं ते एकदा तरी ऐकलेलं असतं. अनेकांनी म्हटलेलंही असतं. मीसुद्धा म्हटलंय. एकदा नाही, एकाच दिवशी तीनदा!

त्याचं झालं असं. मी तेव्हा चौथीत होते. तारीख १ ऑगस्ट, लोकमान्य टिळकांची पुण्यतिथी. बाबांनी मला फुलस्केपची दोन पानं भरून भाषण लिहून दिलं होतं. आठ दिवस मी ते घोकत होते. दात घासताना, वेण्या घालून घेताना, पोळी खाताना. शेवटी शेवटी तर धाकट्या भावालाही ते पाठ झालं.

माझा नंबर चौथा होता. माझ्याआधीच्या तिघांनीही शेंगांच्या टरफलांची गोष्ट सांगितली होती. माझ्याही कागदात तीच होती. पण तिथपर्यंत मी पोचलेच नाही. “टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरी येथे झाला. लहानपणापासूनच ते अत्यंत बुद्धिमान आणि...” इथे गाडी अडली. ‘आणि’च्या पुढे काय होतं, ते काही केल्या आठवेना. मग मी पुन्हा “अध्यक्ष महाशय” पासून सुरुवात केली. भरधाव आले आणि त्याच ‘आणि’वर आपटले. तिसऱ्यांदाही तेच! मुलांमध्ये खसखस पिकली. बाई म्हणाल्या, “बस हं बाळ खाली.”

घरी सगळ्यांनी निदान केलं, ‘पाठांतर कच्चं राहिलं.’ मलाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं. आज मात्र वाटतं, चूक पाठांतराची नव्हतीच. त्या दिवशी मला कुणी मधेच थांबवून विचारलं असतं, “काय गं, तू इथं काय सांगायला उभी राहिलीस?” तर मी म्हटलं असतं, “भाषण!” यापुढे माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडे दोन शब्द होते, चांगले दोनशे शब्द होते. ते कशासाठी आहेत, हे मात्र मला ठाऊक नव्हतं.

पाठांतराचा नंबर चौथा!

सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी रोममध्ये सिसेरो नावाचा मोठा वक्ता होऊन गेला. भाषण तयार करण्याची पाच कामं त्यानं क्रमानं सांगितली आहेत. पहिलं, काय सांगायचं ते शोधणं. दुसरं, त्याची मांडणी करणं. तिसरं, योग्य शब्द निवडणं. चौथं, ते लक्षात ठेवणं. आणि पाचवं, प्रत्यक्ष बोलणं.

बघा, लक्षात ठेवण्याचा नंबर चौथा आहे! आपण काय करतो? पहिली तीन कामं बाबा, ताई किंवा ‘निवडक भाषणे’ नावाच्या पुस्तकावर सोपवतो आणि एकदम चौथ्या पायरीवर उडी मारतो. मग ‘आणि’वर आपटलो तर नवल काय?

आज आपण पहिल्या दोन कामांबद्दल बोलू या. आवाज, हातवारे, सभाधीटपणा या गोष्टींबद्दल पुष्कळ सांगितलं जातं. त्या महत्त्वाच्या आहेतच. पण घराचा पाया खणण्याआधी रंग कोणता द्यायचा यावर कोणी वाद घालतं का?

विषय वेगळा, हेतू वेगळा

माझी भाची आठवीत असतानाची गोष्ट. शाळेत पालकसभा होती आणि तिच्यासह तीन विद्यार्थ्यांना तीन-तीन मिनिटं बोलायचं होतं. तिला विषय मिळाला होता, ‘वाचनाचे महत्त्व’. एका संध्याकाळी ती कागद घेऊन माझ्याकडे आली. “मावशी, जरा तपासून दे ना.”

मी वाचलं. ‘वाचन ही एक कला आहे. ग्रंथ हेच आपले खरे गुरू आहेत. वाचाल तर वाचाल...’ अक्षर सुंदर, शुद्धलेखन निर्दोष. एकही वाक्य खोटं नव्हतं. पण एकही तिचं नव्हतं.

मी विचारलं, “हे ऐकून लोक काय करतील?”

“टाळ्या वाजवतील.”

“मग?”

“मग काय? घरी जातील.”

“आणि त्यांनी काय करावं असं तुला वाटतं?”

ती बराच वेळ गप्प बसली. पेनाचं टोपण उघडत-मिटत राहिली. मग हळूच म्हणाली, “मावशी, आमच्या शाळेतलं कपाट उघडावं.”

तेव्हा कुठे खरी गोष्ट बाहेर आली. त्यांच्या शाळेत काचेच्या दारांचं एक कपाट होतं. आत गोष्टींची पुस्तकं होती. पूर्वी ते उघडत असत. मग कपाट सांभाळणाऱ्या बाई निवृत्त झाल्या, मधल्या काळात काही पुस्तकं परत आली नाहीत, काही फाटून आली, आणि कपाटाला कुलूप लागलं. त्याला दोन वर्षं झाली होती. भाचीच्या घरी पुस्तकं होती, म्हणून तिचं अडत नव्हतं. तिच्या बाकावर शेजारी बसणारी मैत्रीण मात्र मधल्या सुट्टीत त्या काचेला नाक लावून पुस्तकांची नावं वाचायची. नुसती नावं!

“अगं, मग हे भाषणात का नाही?”

“विषय ‘वाचनाचे महत्त्व’ आहे ना!”

दोस्तांनो, इथेच आपली गल्लत होते. ‘वाचनाचे महत्त्व’ हा विषय झाला. ‘कपाट उघडावं’ हा हेतू झाला. विषय आपल्याला दुसरे देतात. हेतू आपला आपणच शोधायचा असतो. विषय एखाद्या मोठ्या मैदानासारखा असतो, त्यात कुठेही धावता येतं. पण धावून पोचायचं कुठे, हे ठरल्याशिवाय नुसती दमछाक होते.

म्हणून कागदावर भाषणाची पहिली ओळ लिहिण्याआधी एक वेगळंच वाक्य लिहायचं. ते कुणाला ऐकवायचं नसतं, ते फक्त आपल्यासाठी असतं. त्याची सुरुवात अशी, ‘माझं भाषण ऐकल्यावर ऐकणाऱ्यांनी...’ पुढचं तुम्ही पूर्ण करायचं. काहीतरी नवं समजून घ्यावं? एखादी गोष्ट मान्य करावी? काही करायला तयार व्हावं? की निरोप समारंभाला मनापासून दोन क्षण कुणाची आठवण काढावी? हे चारही हेतू चांगलेच आहेत. फक्त त्यातला आपला कोणता, ते आधी ठरलं पाहिजे.

भाचीचं वाक्य दोनदा खोडून तिसऱ्यांदा असं तयार झालं: ‘माझं भाषण ऐकल्यावर मुख्याध्यापक सरांनी आठवड्यातून एक दिवस कपाट उघडायला होकार द्यावा आणि त्या दिवशी अर्धा तास थांबायला दोन पालकांनी हात वर करावा.’

या वाक्याची गंमत बघा. भाषण जमलं की नाही, हे मोजायला आता परीक्षकांची गरज नाही. कपाट उघडलं की जमलं!

समोर कोण बसलंय?

हेतू ठरला. आता पुढचा प्रश्न. ऐकणारे कोण आहेत आणि त्यांच्या मनात काय आहे?

भाचीनं वहीत तीन नावं लिहिली: मुख्याध्यापक, शिक्षक, पालक. प्रत्येकासमोर ‘हे लोक नाही का म्हणतील?’ त्याचं कारण लिहिलं. मुख्याध्यापक म्हणतील, पुस्तकं हरवतात. शिक्षक म्हणतील, आधीच कामं काय कमी आहेत? पालक म्हणतील, अवांतर वाचनात वेळ गेला तर अभ्यासाचं काय?

ही कारणं लिहिताना एक बदल झाला. आधी ती फणफणत होती. एका मसुद्यात तर तिनं लिहिलं होतं, ‘दोन वर्षं कपाट बंद आहे, याला जबाबदार कोण?’ वाक्य जोरदार होतं. टाळ्याही पडल्या असत्या. पण मी विचारलं, “सभेत सगळ्यांसमोर हे ऐकल्यावर सरांना कपाट उघडावंसं वाटेल, की दुसरं कुलूप लावावंसं?” ती हसली आणि वाक्य खोडलं. पण त्याऐवजी खोटी स्तुतीही लिहिली नाही बरं का! ‘कपाट दोन वर्षं बंद आहे’ एवढंच ठेवलं. खरं होतं ते सांगितलं, आरोप काढला.

चिठ्ठ्यांचा खेळ

मग आम्ही मुद्दे काढले. एका चिठ्ठीवर एकच मुद्दा. अकरा चिठ्ठ्या झाल्या. जमिनीवर पसरल्या. आता प्रत्येक चिठ्ठी उचलायची आणि विचारायचं, ‘ही चिठ्ठी कपाट उघडायला मदत करते का?’

‘ग्रंथांचा इतिहास’ गेली. ‘थोर पुरुषांची वाचनाची आवड’ गेली. ‘मोबाइलचे दुष्परिणाम’ ही चिठ्ठी तिच्या फार आवडीची होती, कारण त्यात तिनं यमक जुळवलं होतं. तीही गेली. ती थोडी हिरमुसली. पण मुद्दा चांगला असणं वेगळं आणि कामाचा असणं वेगळं. सहलीला जाताना आपण घरातल्या सगळ्याच चांगल्या वस्तू पिशवीत भरतो का?

शेवटी तीन चिठ्ठ्या उरल्या. तीन हा आकडा काही जादूचा नाही. पण तीन मिनिटांत माणूस तीन गोष्टी ऐकून घरी नेऊ शकतो, अकरा नेऊ शकत नाही.

उरलेल्या चिठ्ठ्यांचा क्रम लावायचा होता. तिनं सर्वांत आधी ठेवली होती ‘आमची योजना’. मी म्हटलं, “अगं, दुखतंय कुठे ते कळायच्या आधीच गोळी दिली तर कोण घेईल?” मग क्रम असा लागला:

१. काय आहे: कपाटात दोनशेच्या वर पुस्तकं आहेत आणि ती दोन वर्षं बंद आहेत.

२. कुणाचं अडलंय: वर्गात नाव न घालता चिठ्ठ्या गोळा केल्या. निम्म्याहून जास्त मुलांनी लिहिलं, ‘घरी गोष्टीचं एकही पुस्तक नाही.’

३. काय करता येईल: शनिवारी शाळा सुटल्यावर अर्धा तास. दोन विद्यार्थी रजिस्टर ठेवतील, दोन पालक थांबतील. एका वेळी एकालाच एक पुस्तक. ते परत आलं की दुसरं.

बघा, तिसऱ्या मुद्द्यातच सरांच्या, शिक्षकांच्या शंकांची उत्तरं आली. पालकांची शंकाही सुटली, कारण अर्धा तासच तर मागितला होता.

हा क्रम म्हणजे ‘अडचण, मग उपाय’. प्रत्येक भाषणाला हाच क्रम लागतो असं नाही. विज्ञानाचा प्रयोग समजावायचा असेल तर ‘आधी काय, नंतर काय’ हा क्रम बरा. किल्ल्याबद्दल सांगायचं असेल तर ऐकणाऱ्याचं बोट धरून पायथ्यापासून बालेकिल्ल्यापर्यंत न्यावं. एखादं मत पटवायचं असेल तर कारणं एकापुढे एक मांडावीत आणि सगळ्यांत भक्कम कारण शेवटी ठेवावं. क्रम कोणता घ्यायचा, हे आपलं ते पहिलं वाक्यच सांगतं.

मुद्दा बदलताना मधे एक जोडवाक्य मात्र हवंच. ‘हे झालं कपाटाचं. आता त्या काचेसमोर उभं राहणाऱ्यांबद्दल सांगते.’ पुस्तकात परिच्छेद बदलला की डोळ्यांना दिसतो. भाषणात तो कानांना सांगावा लागतो.

‘इथेच थांबता आलं असतं’

आता एक खूप मोठं भाषण बघू. २५ नोव्हेंबर १९४९. दिल्लीत संविधान सभेपुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलायला उभे राहिले. ते मसुदा समितीचे अध्यक्ष होते. दुसऱ्याच दिवशी, २६ नोव्हेंबरला, संविधान स्वीकारलं जाणार होतं.

बाहेर एक तक्रार होती की या कामाला फार वेळ लागला. बाबासाहेबांनी ती तक्रार टाळली नाही. उलट सुरुवातच हिशेबानं केली. ९ डिसेंबर १९४६ ला सभा पहिल्यांदा भरली, त्याला २ वर्षं, ११ महिने आणि १७ दिवस झाले, असं त्यांनी सांगितलं. मग इतर देशांची उदाहरणं घेतली. अमेरिकेचं संविधान चार महिन्यांत झालं हे खरं, पण त्यात कलमं अवघी ७, आपल्याकडे ३९५. शिवाय आपल्या मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या होत्या आणि त्यांतल्या २,४७३ प्रत्यक्ष सभागृहात मांडल्या गेल्या. आवाज न चढवता, आकड्यांनीच उत्तर मिळालं. समोरच्याच्या मनातली शंका आधी ओळखायची आणि तिला सरळ उत्तर द्यायचं, ते असं.

पुढे त्यांनी सहकाऱ्यांचे आभार मानले, टीकाकारांना उत्तरं दिली. काम संपलं होतं. आपण इथेच थांबू शकलो असतो, असं ते स्वतःच म्हणाले. पण देशाच्या भविष्याच्या विचारानं मन इतकं भरून आलंय, की त्याबद्दल बोललंच पाहिजे, असं सांगून ते पुढे गेले. हेच ते जोडवाक्य! इथे भाषणाचं वळण आहे आणि ते प्रत्येक ऐकणाऱ्याला कळावं, अशी पाटीच त्यांनी लावली.

आणि मग प्रश्न विचारला, मिळालेलं स्वातंत्र्य आणि लोकशाही आपण टिकवू का? त्यासाठी काय करायला हवं, ते पहिली गोष्ट, दुसरी गोष्ट, तिसरी गोष्ट असं मोजून सांगितलं. पहिली, आपली उद्दिष्टं गाठण्यासाठी संविधानाचेच मार्ग वापरायचे. दुसरी, माणूस कितीही मोठा असला तरी आपलं स्वातंत्र्य त्याच्या पायाशी वाहायचं नाही. तिसरी, मताचा अधिकार मिळाला म्हणून समाधान मानायचं नाही; समाजातही स्वातंत्र्य, समता आणि बंधुता आणायची.

एवढा प्रचंड विद्वान माणूस. त्यांना शंभर गोष्टी सांगता आल्या असत्या. त्यांनी मोजून तीन सांगितल्या. म्हणूनच इतक्या वर्षांनंतरही त्या क्रमानं आठवतात. ते संपूर्ण भाषण मराठीतही वाचायला मिळतं. थोडे मोठे झालात की जरूर वाचा.

दोन तास आणि दोन मिनिटं

आता वेळेबद्दल. अमेरिकेत यादवी युद्ध चालू असताना, जुलै १८६३ मध्ये गेटिसबर्ग इथे मोठी लढाई झाली. तिथे पडलेल्या सैनिकांच्या दफनभूमीचा समारंभ १९ नोव्हेंबर १८६३ रोजी झाला. मुख्य वक्ते होते एडवर्ड एव्हरेट. ते जवळजवळ दोन तास बोलले. त्यांच्यानंतर राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन उठले. त्यांचं भाषण साधारण २७० शब्दांचं होतं. दोन-तीन मिनिटांत ते संपलं.

त्याचीही मांडणी किती सोपी! आधी भूतकाळ: आपला देश कुठल्या विचारावर उभा राहिला. मग वर्तमानकाळ: आज तो विचार टिकेल का, याची परीक्षा चालू आहे. मग भविष्यकाळ: गेलेल्यांचं अपुरं काम जिवंत असलेल्यांनी पूर्ण करायचं आहे. बस, एवढंच.

दुसऱ्या दिवशी एव्हरेट यांनी लिंकनना पत्र लिहिलं. समारंभाच्या मूळ विचाराच्या जितकं जवळ तुम्ही दोन मिनिटांत गेलात, तितकं मी दोन तासांत जाऊ शकलो असतो तर मला आनंद झाला असता, असा त्याचा मथितार्थ होता. किती मोठ्या मनाचा माणूस! मोठं भाषण वाईट आणि छोटं चांगलं, असा याचा अर्थ नाही. लिंकनना आपण कशासाठी उभे आहोत ते नेमकं ठाऊक होतं, म्हणून त्यांना कमी शब्द पुरले.

तुम्हीही घड्याळ लावून भाषण मोठ्यानं म्हणून बघा. मनात वाचलं तर वेळ कमी भरतो आणि फसगत होते. दिलेल्या वेळेपेक्षा थोडं कमीच भरेल असं बघा. भाषण जास्त झालं तर बोलण्याचा वेग वाढवू नका. एक मुद्दा काढा.

सुरुवात आणि शेवट सगळ्यांत शेवटी

आता ऐकायला उलटं वाटेल असं सांगते. भाषणाची सुरुवात शेवटी लिहा. पाहुणा कोण येणार हेच माहीत नसेल, तर दारात उभं राहून त्याची ओळख कशी करून देणार?

भाचीची सुरुवात बदलली. नमस्कार झाल्यावर ती म्हणणार होती, “मागच्या आठवड्यात मी शाळेतल्या कपाटातली पुस्तकं मोजली. काचेबाहेरून.” आणि शेवट? ‘एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवते’ हे नव्हतंच. शेवटी तिनं ठेवली होती ती नेमकी विनंती: कोणता दिवस, किती वेळ, किती माणसं.

मग पाठ काय करायचं?

पहिलं वाक्य पाठ करा. शेवटचं पाठ करा. मधल्या पायऱ्या लक्षात ठेवा, वाक्यं नकोत. जुने रोमन वक्ते यासाठी घराची युक्ती वापरत. मनातल्या मनात एका ओळखीच्या घरातून चालायचं आणि प्रत्येक ठिकाणी एक मुद्दा ठेवून द्यायचा. आपल्या घरातही हे जमतं. उंबऱ्यावर सुरुवात, बाहेरच्या खोलीत पहिला मुद्दा, स्वयंपाकघरात दुसरा, मोरीपाशी तिसरा, मागच्या दारात शेवट. बोलताना घरातून चालत जायचं. एखादी वस्तू उचलायची राहिली, तरी पुढची खोली कुठे पळून जात नाही! माझी गाडी ‘आणि’वर अडली, कारण माझ्याकडे खोल्या नव्हत्याच. होती ती फक्त वाक्यांची एक लांबलचक माळ. एक मणी निसटला आणि सगळी माळ घरंगळली.

हातात एक छोटं कार्ड असलं तरी चालतं. त्यावर पाच शब्द, मोठ्या अक्षरात.

त्या सभेत काय झालं?

भाचीच्या आधी एक मुलगा ‘शिस्त’ या विषयावर बोलला. आवाज खणखणीत, एकही अडखळण नाही. टाळ्यांचा कडकडाट झाला. मग ही उभी राहिली. दुसऱ्या मुद्द्यानंतर एकदम थांबली. मी मागच्या रांगेत होते, माझ्या पोटात गोळा आला. तिनं कार्डाकडे पाहिलं, श्वास घेतला आणि तिसऱ्या मुद्द्याला लागली. मधलं एक वाक्य राहून गेलं होतं. मला आणि तिला सोडून कुणालाच ते कळलं नाही.

टाळ्या तिला कमी पडल्या, खरं सांगते. पण टाळ्यांनंतर मुख्याध्यापक सरांनी विचारलं, “रजिस्टर कोण ठेवणार म्हणालीस?” तिथेच मला कळलं, भाषण पोचलं. एक गृहस्थ म्हणाले, “आधी परीक्षा होऊन जाऊ दे.” तरी तीन आयांनी हात वर केले. एक आजोबा म्हणाले, फाटकी पुस्तकं मी चिकटवून देईन.

तिनं दर शनिवार मागितला होता. मिळाला एक आड एक, तोही सहामाही परीक्षेनंतर. सगळं मिळालं नाही. पण पहिल्या शनिवारी रांगेत सगळ्यांत पुढे कोण होतं, ते सांगायला नकोच. काचेला नाक लावणारी ती मैत्रीण!

आई-बाबांसाठी

मुलांचं भाषण लिहून देण्याचा मोह मोठा असतो. माझ्या बाबांनी ते प्रेमापोटीच केलं होतं. पण लिहून दिलेलं भाषण म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा सदरा. त्याऐवजी तीन प्रश्न विचारा. तुला नेमकं काय व्हायला हवंय? ऐकणार कोण आहे? त्यातला ‘नाही’ कोण म्हणेल आणि का? उत्तरं वाकडीतिकडी येतील. येऊ द्या. मग खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसून एकदा पूर्ण ऐका, मधे टोकू नका. आणि ऐकल्यावर ‘छान’ म्हणण्याऐवजी तुम्हाला काय समजलं ते सांगा. ते आणि मुलाचं ठरवलेलं वाक्य जुळलं, तर तयारी झाली.

करून पाहा

येत्या १ ऑगस्टला टिळकांवर बोलायचंय? जन्मापासून मृत्यूपर्यंत सगळं सांगायची गरज नाही. एकच गोष्ट घ्या. उदाहरणार्थ, ४ जानेवारी १८८१ रोजी ‘केसरी’ सुरू झाला. लोकांच्या भाषेत लोकांशी बोलायचं म्हणून मराठीतून वर्तमानपत्र. मग तुमचं वाक्य असं होऊ शकेल: ‘माझं भाषण ऐकल्यावर आमच्या वर्गानं स्वतःचं भित्तिपत्रक सुरू करावं.’ याच दिवशी अण्णा भाऊ साठे यांची जयंतीही असते. त्यांना शाळा जवळजवळ मिळालीच नाही, तरी त्यांनी ‘फकिरा’सारखी कादंबरी लिहिली. त्यातून तुम्हाला वर्गाला काय सांगावंसं वाटतं?

आज रात्री एक कागद घ्या. वर लिहा, ‘माझं भाषण ऐकल्यावर ऐकणाऱ्यांनी...’ आणि वाक्य पूर्ण करा. पूर्ण होत नसेल तर घाबरू नका, भाचीलाही तीनदा लिहावं लागलं होतं. ते एकदा जमलं, की मग खुशाल उभे राहा आणि दोन शब्द सांगा.